अ‍ॅन आर्बरचे दोन मास्तर
कॉलेज बेसबॉलच्या प्रशिक्षकाची वाटचाल : एक शोध

अमेरिकन बेसबॉलवरची पुस्तके वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत आली आहे. खेळाडूंची चरित्रे मिळतात, संघमालकांच्या भांडणांचे तपशील मिळतात, आकडेवारीचे तक्ते तर पानोपानी असतात. पण या खेळाडूंना विशीच्या आसपास ज्याने शिकवले, तो कॉलेजचा मास्तर मात्र बहुधा एका वाक्यात येतो आणि निघून जातो. ‘नंतर काही वर्षे त्याने विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षण दिले’, एवढ्यावर त्याची बोळवण होते. हा माणूस या कामाकडे आला कुठून, त्यावर त्याचे पोट भरत होते का, आणि पुढे तो कुठे गेला, हे प्रश्न फारसे कुणी विचारत नाही.

या लेखात मी तेच प्रश्न विचारणार आहे. त्यासाठी एकच जागा निवडली आहे : मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या गावचे मिशिगन विद्यापीठ. तिथल्या बेसबॉल प्रशिक्षकाच्या खुर्चीवर दहा-अकरा वर्षांच्या अंतराने दोन माणसे येऊन बसली. ब्रँच रिकी १९१० ते १९१३ अशी चार वर्षे राहिला आणि तिथून व्यावसायिक बेसबॉलच्या शिखरावर गेला. रे फिशर उलट्या दिशेने आला. तो व्यावसायिक बेसबॉल सोडून १९२१ मध्ये इथे आला आणि १९५८ पर्यंत राहिला. पहिल्याला इतिहासाने डोक्यावर घेतले. दुसऱ्याला मात्र ही नोकरी पत्करल्याबद्दल खेळातून बहिष्कृत करण्यात आले. खेळ शिकवण्याच्या कामाची किंमत कोण आणि कशी लावतो, हे या दोन वाटांवरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

फीच्या बदल्यात खेळ

अमेरिकेतील दोन कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे झाला. अ‍ॅम्हर्स्टने विल्यम्सचा ७३–३२ असा पराभव केला. त्या काळात कॉलेजच्या संघाला प्रशिक्षक नसे. संघ विद्यार्थ्यांचा, कर्णधार विद्यार्थी, खर्चही बहुतेक विद्यार्थ्यांच्याच वर्गणीतून. गुरुजनांनी मैदानात लक्ष घालावे, असे कुणाला वाटत नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र बदलले. कॉलेजांमधली चुरस वाढली आणि जिंकण्यासाठी जाणकार माणूस हवासा वाटू लागला. जाणकार म्हणजे व्यावसायिक खेळाडू. त्यांचा हंगाम वसंतात सुरू होई, त्यामुळे हिवाळ्यात ते रिकामे असत. बाल्टिमोर संघाचे दोन नामांकित खेळाडू, जॉन मॅग्रॉ आणि ह्यूई जेनिंग्ज, १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील सेंट बोनाव्हेंचर या कॉलेजात हिवाळ्यात जाऊन राहिले. ते मुलांना बेसबॉल शिकवत आणि त्या बदल्यात स्वतः वर्गात बसत. पुढे जेनिंग्जने कॉर्नेल विद्यापीठात हाच सौदा केला. संघाला शिकवता शिकवता त्याने कायद्याचा अभ्यास केला.

म्हणजे कॉलेजच्या बेसबॉल प्रशिक्षकाचा पहिला पगार हा पगार नव्हताच. ती माफ झालेली फी होती. हे काम म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी कामाकडे जाण्याची पायरी, ही समजूत इथेच रुजली.

दक्षिण बेंडमधली रात्र

ब्रँच रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१ चा, ओहायो राज्याच्या दक्षिण टोकावरच्या शेतकरी कुटुंबातला. घर कडक मेथडिस्ट. रविवारी बेसबॉल खेळणार नाही, असे त्याने आईला वचन दिले होते आणि ते त्याने पाळले. काही काळ खेड्यातल्या शाळेत शिकवून पैसे जमवले आणि मग तो ओहायो वेस्लेयन या कॉलेजात दाखल झाला. तो कॅचर होता. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलणारा, आपल्याकडच्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊच म्हणायचा.

उन्हाळ्याच्या सुटीत रिकी पैसे घेऊन खेळला. कॉलेजच्या नियमांनुसार पैसे घेतलेला खेळाडू हौशी राहत नसे. त्यामुळे कॉलेजच्या संघातून खेळायला तो अपात्र ठरला. खेळता येत नाही तर शिकवावे, म्हणून विद्यार्थिदशेतच, वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तो संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या आयुष्याची दिशा ठरवणारी ही नेमणूक एका अपात्रतेतून निघाली.

त्याच्या संघात चार्ल्स थॉमस नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तोही कॅचरच. १९०३-०४ च्या सुमारास हा संघ नोत्र दाम विद्यापीठाशी खेळायला इंडियाना राज्यातील साउथ बेंड, म्हणजे दक्षिण बेंड या गावी गेला. ऑलिव्हर हॉटेलात उतरण्याची सोय होती. थॉमसला खोली द्यायला हॉटेलने नकार दिला. तरुण प्रशिक्षकाने वाद घातला आणि अखेर आपल्याच खोलीत एक जादा खाट टाकून घेतली. रात्री रिकीने पाहिले ते असे : थॉमस खाटेवर बसून रडत होता आणि हातांची कातडी ओरबाडावी तसे हात चोळत होता. हा रंग पुसून टाकता आला तर, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलत होता.

अभ्यासक म्हणून इथे थोडे थांबायला हवे. ही हकिकत आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः रिकीच्याच तोंडून, आणि तीही चाळीसएक वर्षांनी. रिकी हा कसलेला वक्ता होता आणि गोष्ट रंगवून सांगण्यात त्याचा हातखंडा होता. काही इतिहासकारांनी म्हणूनच या प्रसंगाकडे साशंक नजरेने पाहिले आहे. पण थॉमस पुढे न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्क येथे दंतवैद्य झाला, त्याचा आणि रिकीचा संबंध टिकून राहिला, आणि हॉटेलातल्या त्या प्रसंगाला त्यानेही उतारवयात दुजोरा दिला. तपशिलांचा रंग वजा केला तरी गाभा उरतो.

मराठी वाचकाला हा गाभा परका वाटू नये. पुण्याच्या क्लबात डावखुऱ्या फिरकीने साहेबांना चकवणाऱ्या बाळू पालवणकर यांना त्याच काळात चहा मिळे तो तंबूबाहेर आणि वेगळ्या भांड्यात. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे, पण मैदानाच्या कडेला आले की सीमा सुरू होई.

रिकीच्या अनुभवातला वेगळेपणा एवढाच की, तो त्या रात्री संघाचा मालक नव्हता किंवा नुसता सहखेळाडूही नव्हता. कॉलेजचा प्रशिक्षक विद्यार्थ्यांबरोबर आगगाडीत बसतो, त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांना सुखरूप परत आणण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. थॉमसचा अपमान हा त्याच्या कामाचाच भाग झाला. व्यावसायिक संघाच्या व्यवस्थापकावर ही वेळच येत नव्हती, कारण १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून गोऱ्या मालकांनी अलिखित समजुतीने कृष्णवर्णीयांना दार बंद केले होते. त्याआधी मोठ्या लीगमध्ये खेळलेला कृष्णवर्णीय कॅचर मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८२ मध्ये मिशिगन विद्यापीठाकडूनच खेळला होता आणि १८८४ मध्ये टोलेडोकडून. त्यानंतर साठ वर्षे शुकशुकाट. ते दार थोडेफार किलकिले राहिले ते काही कॉलेजांत.

चार वसंत

रिकी व्यावसायिक खेळाडू म्हणून सामान्य ठरला. सेंट लुईस ब्राउन्स आणि न्यूयॉर्क हायलँडर्सकडून तो खेळला. खांदा दुखावलेला असताना २८ जून १९०७ रोजी वॉशिंग्टनच्या धावपटूंनी त्याच्यासमोर एकाच सामन्यात १३ बेस ‘चोरले’. पिचर चेंडू टाकू लागताच पुढच्या बेसकडे धाव घ्यायची आणि कॅचरची फेक पोचण्याआधी तिथे टेकायचे, ही ती चोरी. तो नकोसा विक्रम त्याच्या नावावर राहिला.

त्यानंतर क्षयाने गाठले. न्यूयॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक येथील आरोग्यधामात त्याने काही महिने काढले. बरा झाल्यावर कायदा शिकायचे ठरवून १९०९ मध्ये तो अ‍ॅन आर्बरला आला. पैशांची चणचण होती. विद्यापीठाला बेसबॉल प्रशिक्षक हवा आहे हे कळताच त्याने ओळखीच्या माणसांकडून शिफारसपत्रांचा असा वर्षाव केला की, क्रीडा विभागाचा प्रमुख फिलिप बार्टेल्मी टेकीस आला. काम मिळाले. सकाळी कायद्याचे वर्ग आणि दुपारी मैदान, असा दिनक्रम सुरू झाला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत, १९११ मध्ये पुरा केला. त्यानंतर आयडाहो राज्यातील बॉइसी येथे वकिली थाटली, ती चालली नाही. वसंत आला की तो संघाला शिकवायला अ‍ॅन आर्बरला परतत असे.

या चार हंगामांत त्याच्या संघाने ६८ सामने जिंकले आणि ३२ गमावले. पण त्यांचे खरे फळ म्हणजे जॉर्ज सिस्लर. यांत्रिक अभियांत्रिकीचा हा विद्यार्थी पहिल्या वर्षात असतानाच रिकीच्या नजरेत भरला. मात्र एक अडचण होती. सिस्लरने अल्पवयीन असताना, वडिलांच्या संमतीविना, एका छोट्या व्यावसायिक संघाच्या करारावर सही केली होती. तो करार फिरत फिरत पिट्सबर्गच्या संघाकडे आला आणि त्याचा मालक बार्नी ड्रायफस मुलावर हक्क सांगू लागला. रिकी या वेळी मास्तरही होता आणि वकीलही. अज्ञान मुलाने केलेला करार बंधनकारक होत नाही, हा मुद्दा घेऊन प्रकरण खेळाच्या तत्कालीन राष्ट्रीय आयोगापुढे गेले आणि सिस्लर मोकळा झाला. १९१५ मध्ये पदवी घेऊन त्याने सेंट लुईस ब्राउन्सशी करार केला. तिथे तोवर व्यवस्थापक म्हणून कोण बसले होते? ब्रँच रिकी! ड्रायफसला यात डाव दिसला असेल तर त्याला दोष देता येत नाही.

हा निवाडा देणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष गॅरी हेरमन होता. ड्रायफसने त्याच्यावर कायमचा राग धरला. पुढे १९१९ च्या अंतिम मालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने गमावल्याचे उघड झाले, आयोग मोडीत निघाला आणि न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस याला सर्वाधिकार देऊन आयुक्त नेमण्यात आले. आयोग जाण्याचे मुख्य कारण हा घोटाळाच. तरीही एका कॉलेज प्रशिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी लढवलेल्या वादाने त्या आयोगाच्या पायाखालचा एक दगड आधीच सैल केला होता. लँडिस आणि हेरमन ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. दुसऱ्या मास्तराच्या कहाणीत ती पुन्हा येणार आहेत.

थट्टेचा विषय झालेला फळा

१९१३ मध्ये ब्राउन्सच्या मालकाने रिकीला बोलावून घेतले आणि त्याच हंगामाच्या शेवटी संघाचा व्यवस्थापक केले. १९१४ च्या वसंतात फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गच्या सराव शिबिरात रिकीने फळा लावला. तो खेळाडूंना व्याख्याने देई, बेसकडे घसरत जाण्याच्या सरावासाठी त्याने वाळूचे खड्डे केले, फलंदाजीसाठी जाळीचे पिंजरे उभारले. पत्रकारांनी ‘प्राध्यापक’ म्हणून त्याची यथेच्छ थट्टा केली. बेसबॉल हा रक्तात असतो, तो वर्गात शिकवायचा नसतो, हा त्या काळचा समज होता.

रिकीची पुढची पन्नास वर्षे म्हणजे या समजाला दिलेले उत्तर आहे, असे मला वाटते. सेंट लुईस कार्डिनल्समध्ये त्याने छोट्या गावांतले संघ विकत घेऊन त्यांची उतरंड रचली. कोवळी मुले खालच्या पायरीवर घ्यायची, शिकवायची आणि पायरी पायरीने वर आणायची. याला ‘फार्म’ म्हणजे शेतीची पद्धत म्हणू लागले. पण तिची रचना शाळेच्या इयत्तांसारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिन डॉजर्ससाठी त्याने फ्लोरिडातील व्हेरो बीच येथे नौदलाच्या रिकाम्या तळावर शिबिर उभारले. तिथे शेकडो खेळाडू एकत्र राहत, एकाच भोजनगृहात जेवत आणि वेळापत्रकानुसार एका सरावातून दुसऱ्यात जात. पिचरला नेम कळावा म्हणून दोऱ्या ताणून चेंडूची चौकट केलेली असे. ते एक वसतिगृहासह चालणारे कॉलेजच होते.

तिथला एक शिक्षक होता जॉर्ज सिस्लर. त्याने १९२० मध्ये एका हंगामात काढलेल्या २५७ हिट्सचा विक्रम २००४ पर्यंत अबाधित होता. पुढे रिकीने त्याला पारखी आणि प्रशिक्षक म्हणून ब्रुकलिनला आणले. १९४९ च्या वसंतात सिस्लरने एका फलंदाजाला चेंडू थोडा उशिरा, उजव्या बाजूला मारायला शिकवले. त्या फलंदाजाने त्या वर्षी .३४२ च्या सरासरीने लीगमध्ये अव्वल क्रमांक मिळवला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. त्याचे नाव जॅकी रॉबिन्सन.

रिकी आणि रॉबिन्सन यांची २८ ऑगस्ट १९४५ ची भेट प्रसिद्ध आहे. ब्रुकलिनच्या कचेरीत रिकीने तीन तासांच्या आसपास त्याची परीक्षा घेतली. अंगावर धावून येणारा प्रतिस्पर्धी, जेवण नाकारणारा वेटर आणि खोली नाकारणारा हॉटेलचा कारकून, या सगळ्यांच्या भूमिका त्याने स्वतः वठवल्या. त्यातला कारकून त्याने कुठे पाहिला होता, हे सांगायला नको. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि साठ वर्षांचे दार उघडले. रॉबिन्सन स्वतः कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेकडून चार खेळ खेळलेला कॉलेजचा खेळाडू. सैन्यातून सुटल्यावर टेक्सासमधील ऑस्टिन येथे, सॅम्युअल ह्यूस्टन या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात त्याने काही काळ बास्केटबॉल शिकवले होते, हेही विसरले जाते.

रिकीला संतपद देण्याचे मात्र कारण नाही. खेळाडूंना तो इतके कमी पैसे देई की, एका वार्ताहराने त्याचे नावच कंजूस असे पाडले. खेळाडू विकून होणाऱ्या नफ्यात त्याचा वाटा असे. रॉबिन्सनला घेताना त्याच्या आधीच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, त्याने छदामही दिला नाही. कृष्णवर्णीय खेळाडू आले तर संघ जिंकेल आणि प्रेक्षक वाढतील, हा हिशेबही त्याच्या मनात होताच. त्याच्या स्वभावातला हा दुहेरीपणा पाहूनच क्रीडावार्ताहर टॉम मीनी याने त्याला ‘महात्मा’ हे टोपणनाव दिले, आणि त्याचा उगम थेट आपल्याकडे आहे. जॉन गुंथर याच्या आशियावरील पुस्तकात गांधीजींचे वर्णन होते. संत, घरातले वडीलधारे आणि मुरलेला राजकारणी यांचे अजब मिश्रण, असा त्याचा आशय. मीनीला वाटले, हा तर आपला रिकी! अमेरिकन वर्तमानपत्रांत मग तो मरेपर्यंत ‘महात्मा’च राहिला.

उलट्या वाटेचा प्रवासी

आता दुसरा मास्तर. रे फिशर १८८७ मध्ये व्हरमाँट राज्यातील मिडलबरी येथे जन्मला आणि तिथल्याच कॉलेजात शिकला. हंगाम संपला की तो हिवाळ्यात शाळेत शिकवत असे. १९१० पासून तो न्यूयॉर्क यांकीजचा पिचर होता. १९१८ चे वर्ष सैन्यात गेले आणि १९१९ मध्ये तो सिनसिनाटी रेड्समध्ये आला. ज्या मालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी सामने विकले, त्या मालिकेत फिशर समोरच्या, म्हणजे निष्कलंक संघात होता. तिसरा सामना त्यानेच सुरू केला आणि तो ३–० असा गमावला.

१९२१ च्या हंगामासाठी रेड्सने त्याचा पगार कमी केला. वय तेहतीस, हात थकत चाललेला. वसंत शिबिर चालू असतानाच मिशिगन विद्यापीठात प्रशिक्षकाची जागा रिकामी असल्याचे कळले. व्यवस्थापकाची परवानगी घेऊन तो अ‍ॅन आर्बरला जाऊन आला. क्लबने मग पैसे वाढवायची तयारी दाखवली, पण एका वर्षापलीकडची हमी द्यायला तो तयार नव्हता. फिशरने कॉलेज निवडले. रेड्सचा अध्यक्ष होता गॅरी हेरमन. फिशरने पुरेशा दिवसांची आगाऊ सूचना दिली नाही, असे कारण दाखवून त्याचे नाव निवृत्तांच्या यादीऐवजी अपात्रांच्या यादीत गेले. दाद मागायची ती आयुक्त लँडिसकडे. घोटाळ्याने हादरलेल्या खेळाला शिस्त लावायला बसलेल्या लँडिसने त्याला कायमचे अपात्र ठरवले.

ज्या वर्षी सामने विकणाऱ्या आठ जणांवर आजन्म बंदी आली, त्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध प्रामाणिकपणे खेळलेल्या माणसावरही बंदी आली. त्याचा अपराध काय, तर त्याने शिकवण्याची नोकरी धरली. रिकी कॉलेजातून व्यावसायिक खेळाकडे गेला तेव्हा त्याला कुणी अडवले नव्हते. शिडी चढणाऱ्याला वाट मोकळी होती. स्वखुशीने उतरणारा माणूस मात्र व्यवस्थेला उमगला नाही, आणि जे उमगत नाही त्याला व्यवस्था बहुधा गुन्हा ठरवते.

फिशरने त्याची जाहीर तक्रार करत आयुष्य घालवले नाही. तो अ‍ॅन आर्बरला ३८ हंगाम राहिला. बेसबॉलबरोबर फुटबॉलच्या नवख्या मुलांनाही शिकवले. १९२९ मध्ये विद्यापीठाचा संघ घेऊन जपानला जाऊन आला. त्याच्या संघांनी ६३६ सामने जिंकले. उन्हाळ्यात तो व्हरमाँटमध्ये कॉलेजच्या मुलांचा संघ चालवी. तिथे १९४६ आणि १९४७ मध्ये त्याने शिकवलेला रॉबिन रॉबर्ट्स हा पोरगा मिशिगनच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तो पुढे फिलाडेल्फियाचा थोर पिचर झाला आणि १९७६ मध्ये कीर्तिभवनात गेला. १९५३ मध्ये ओमाहा येथे टेक्सासला ७–५ असे हरवून मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा फिशर पासष्टीचा होता.

बंदी उठवण्यासाठी पुढाकार घेतला तो मिशिगन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने. त्याने जुनी कागदपत्रे खणून काढली. तरुणपणी मिशिगनकडून फुटबॉल खेळलेले माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनीही फिशरची बाजू घेतली. १९८० मध्ये आयुक्त बोवी कून याने फिशर हा सन्मानाने निवृत्त झालेला खेळाडू असल्याचे मान्य केले. न्याय मिळायला ५९ वर्षे लागली. त्यानंतर दोन वर्षांनी, ९५ व्या वर्षी, फिशर वारला.

एक डॉलर आणि शून्य डॉलर

फिशरच्या पिढीने कॉलेज प्रशिक्षकाला स्थैर्य दिले. व्यावसायिक खेळ संपवून आलेला, एका गावात मुरलेला, तीस-तीस वर्षे एकच मैदान राखणारा माणूस, अशी त्याची प्रतिमा झाली. ड्यूक विद्यापीठात जॅक कूम्ब्ज, येल विद्यापीठात एथन अ‍ॅलन हे असेच. १९४७ मध्ये पहिली राष्ट्रीय अंतिम स्पर्धा कॅलामझू येथे झाली, तेव्हा अ‍ॅलनच्या संघात फर्स्ट बेसवर उभा होता भावी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश.

पण पगाराचा प्रश्न सुटला नाही. सर्वात यशस्वी प्रशिक्षकाचेच उदाहरण घ्या. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रॉड डेडो १९४२ ते १९८६ या काळात संघाबरोबर होता. त्यात ११ राष्ट्रीय विजेतेपदे आली. टॉम सीव्हर, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर त्याचे विद्यार्थी. विद्यापीठाकडून तो वर्षाला नाममात्र एक डॉलर घेई. त्याचा मालवाहतुकीचा मोठा धंदा होता, त्यामुळे त्याला ते परवडत होते. आपल्याकडे रमाकांत आचरेकर सर स्टेट बँकेची नोकरी सांभाळून शिवाजी पार्कवर मुले घडवत होते. दोन टोकांच्या या दोन शहरांत सूत्र एकच : पोट दुसरीकडे भरायचे, शिकवायचे इथे.

१९८० नंतर दूरचित्रवाणी आणि जाहिरातींचा पैसा आला. आज मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मिळवतात. मात्र त्या खुर्चीपर्यंतची वाट लांबत गेली. आधी कॉलेजात खेळायचे, मग पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून संघाला मदत करायची, मग साहाय्यक, मग नवे खेळाडू शोधून आणणारा, मग एखाद्या छोट्या कॉलेजचा मुख्य. मुख्य प्रशिक्षक हिशेबनीसही असावा लागे, कारण पहिल्या श्रेणीच्या बेसबॉल संघाला अनेक वर्षे ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती आणि त्या तीसएक मुलांत तुकडे करून वाटाव्या लागत.

या उतरंडीच्या तळाशी एक विलक्षण पद होते : ‘स्वयंसेवक साहाय्यक प्रशिक्षक’. खर्च आवरण्यासाठी कॉलेज क्रीडा संघटनेने १९९० च्या दशकापासून पगारी साहाय्यकांची संख्या बांधून दिली. त्यांच्याखेरीज एकाला ठेवता येई, पण पगाराविना. हा माणूस पूर्ण वेळ मैदानावर असे, फलंदाजांना शिकवी, खेळपट्टी सारखी करी आणि उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरे घेऊन घरभाडे भागवी. ज्यांच्या घरची परिस्थिती बरी तेच अशी वर्षे काढू शकत. ज्यांना ते शक्य नव्हते ते या वाटेवर आलेच नाहीत, आणि त्यात गरीब घरांतले आणि कृष्णवर्णीय उमेदवार किती असतील याचा अंदाज करता येतो. १ जुलै २०२३ पासून हे पद रद्द झाले आणि तिसऱ्या साहाय्यकालाही पगार देण्याची मुभा मिळाली. मागच्या वर्षांच्या मोबदल्यासाठी प्रशिक्षकांनी लावलेला दावा तडजोडीने मिटला.

मॅग्रॉ आणि जेनिंग्जची माफ फी, रिकीची अर्धवेळ नोकरी, फिशरची बंदी, डेडोचा एक डॉलर आणि स्वयंसेवकाचे शून्य. सव्वाशे वर्षांचा हा ताळेबंद मांडला की दिसते ते असे : खेळ शिकवणाऱ्याचे काम सर्वांना हवे होते, पण त्याचे मोल द्यायला बहुतेक वेळा कुणीच तयार नव्हते. हे मोल कमी लागते, कारण या कामाचे फळ दुसऱ्याच्या नावावर जमा होते. रॉबर्ट्सच्या विजयांत फिशरचे नाव नाही आणि रॉबिन्सनच्या .३४२ मध्ये सिस्लरचे नाव नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने टेनेसी विद्यापीठाचा प्रशिक्षक टोनी विटेलो याला थेट व्यवस्थापक नेमले. मिझुरी, टेक्सास ख्रिश्चन आणि आर्कान्सा अशा तीन विद्यापीठांत साहाय्यक म्हणून राबून तो टेनेसीला मुख्य झाला होता आणि २०२४ चे राष्ट्रीय विजेतेपद त्याने मिळवले होते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो ना खेळला होता, ना त्याने तिथे शिकवले होते. अशी नेमणूक पूर्वी झाली नव्हती. ‘प्राध्यापक’ म्हणून रिकीची थट्टा झाली त्याला तेव्हा १११ वर्षे झाली होती. आता शिकवता येणे हीच पात्रता ठरली, ही मोठी गोष्ट आहे.

तरीही एक शंका उरते. विटेलोच्या नेमणुकीचे कौतुक झाले ते तो ‘वर’ गेला म्हणून. कॉलेज म्हणजे खाली आणि व्यावसायिक संघ म्हणजे वर, ही मोजपट्टी अजून तीच आहे. तिच्यावर मोजले तर फिशरची ३८ वर्षे एकाच पायरीवर गेली असे म्हणावे लागेल. पण ब्रँच रिकीने बेसबॉलला जे सर्वात मोठे दिले, त्याची सुरुवात कुठे झाली ते आपण पाहिले. कार्डिनल्स किंवा डॉजर्सच्या कचेरीच्या कितीतरी आधी, एका छोट्या कॉलेजच्या बाविशीतल्या मास्तरावर आपल्या विद्यार्थ्याला निजायला जागा मिळवून देण्याची वेळ आली होती. मिशिगन विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला आज रे फिशरचे नाव आहे. तिथे राहून गेलेल्या दोन मास्तरांपैकी जो राहिला, त्याचे.